रिकाम्या फुटपाथांचं शहर

'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' हा २००५ सालचा गेम. शिरूर अनंतपाळच्या आमच्या घरात त्यावरून अजून वाद होतात. काका म्हणतात, पोरं पोलिसांपासून पळायला शिकतात. काका, चूक! पाठलाग हाच त्याचा जीव. नाकाबंदी, रस्त्यावर टाकलेल्या खिळ्यांच्या पट्ट्या, आणि निसटल्यावर आडोशाला गाडी लपवून थांबणं... छाती धडधडते राव!

माझा राग वेगळाच आहे. त्या रॉकपोर्ट शहरात पायी चालणारं एकही माणूस नाही. पोलिसांच्या गाड्या चेपल्या की डोक्यावरचं इनाम वाढतं, नुकसान डॉलरात मोजतात, पण मरत कुणीच नाही. आपल्या बाजाराच्या रस्त्यावर म्हातारी, शेळी, शाळेची पोरं आडवी येतात. वेग दाखवा, पण माणसं पुसून नको!