जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

आपल्या समाजांत देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला पुण्यवान म्हणतात, जुनी पोथी सांभाळणाऱ्याला विद्वान म्हणतात, आणि जुनी मोटार दुरुस्त करीत बसणाऱ्याला वेडा म्हणतात. या तिसऱ्या विशेषणाचा फेरविचार व्हावा, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

त्याला निमित्त झालें एका वाचक भगिनींच्या पत्राचें. त्यांच्या पुतण्यानें परदेशी बनावटीची, दोन माणसांची एक जुनी शर्यती मोटार घरीं आणण्याचें ठरविलें आहे. "मोटार कसली, गंजलेला सांगाडा आणि चार पोतीं सुटे भाग," असें त्या लिहितात. घरांत दोन तट पडले आहेत. याला छंद म्हणावें कीं व्यसन, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्याजोगें नाहीं. कारण तें मोटारीवर नव्हे, तर काम करणाऱ्याच्या रीतीवर अवलंबून आहे. ती रीत कशी असावी, हें मीं एका घरीं पाहिलें आहे, तें सांगतों.

पुण्यांतील माझा एक जुना विद्यार्थी आतां स्वतः पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. नोकरी बँकेंत, यंत्रशास्त्राची पदवी नाहीं. त्याच्या आजोबांनीं मुंबईंत विकत घेतलेली १९४८ सालची ‘एम. जी. टीसी’ मोटार वाड्याच्या मागील पडवींत तीस वर्षें उभी होती. तिच्यावर चार चुलत भावांचा सारखाच हक्क. दोघांचें म्हणणें, आहे तशी विकून पैसे वांटून घ्यावे. तिसऱ्याचें म्हणणें, एखाद्या कारखान्याला देऊन कोरी करकरीत करून घ्यावी. माझा विद्यार्थी म्हणाला, मी स्वतः करीन. खर्च माझा, मोटार सर्वांची. बऱ्याच वादानंतर हें मान्य झालें आणि पुढें सहा वर्षें काम चाललें.

एम. जी. हीं अक्षरें आज आपल्या रस्त्यांवर अपरिचित नाहींत. २०१९ पासून गुजरातेंत हालोल येथें या नांवाच्या मोटारी तयार होतात व त्या कंपनीची मालकी चिनी आणि भारतीय भागीदारांची आहे. पण मूळ अक्षरें ‘मॉरिस गॅरेजेस’ या नांवाचीं. ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस यांचें हें विक्री-दुरुस्तीचें दुकान होतें. त्याचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं साध्या मॉरिस मोटारींवर चपळ, देखणीं अंगें चढवून विकण्यास आरंभ केला, आणि त्यांतून एम. जी. हा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. १९२९ मध्यें तो ॲबिंग्डन या गांवीं गेला व १९८० मध्यें तेथेंच बंद पडला. १९४५ ते १९४९ या काळांत तेथें सुमारें १०,००० टीसी मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या सुमारें २,००० अमेरिकेला गेल्या. तेथें रस्त्याच्या उजव्या बाजूनें वाहनें चालतात, तरीहि टीसीचें सुकाणूं उजवीकडेच राहिलें. तिच्या सांगाड्यांचे क्रमांक १ पासून सुरू होत नाहींत, २५१ पासून होतात. कारण कारखान्याचा टेलिफोन क्रमांक ‘ॲबिंग्डन २५१’ असा होता!

यंत्ररचना आजच्या मानानें साधी. १२५० घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन, दोन कार्बुरेटर, सुमारें ५४ अश्वशक्ति, तारांचीं उंच चाकें, आणि वजन ८०० किलोच्या आसपास. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो. म्हणूनच हौशी मनुष्याला असल्या कामांत हात घालतां येतो. पण साधें म्हणजे सोपें नव्हे.

पहिल्याच वर्षीं बोल्टांच्या आट्यांनीं त्याची परीक्षा घेतली. इंग्रजी मोटार, म्हणून त्यानें जुन्या इंग्रजी मापाच्या पान्यांचा संच मिळविला. पाने एंजिनाच्या बोल्टांवर चपखल बसले. पण हरवलेल्या बोल्टांच्या जागीं इंग्रजी मापाचे नवे बोल्ट जाईनात. मिलिमीटरचे आणले, तर ते दोन वेढे जाऊन अडूं लागले. दुकानदार म्हणाला, जोर लावा, बसेल. घरांतील एंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतणीनें तो जोर लावूं दिला नाहीं. "काका, आधीं मोजूं या," असें म्हणून तिनें आटे मोजण्याचें गेज लावलें. बोल्टाची जाडी ८ मिलिमीटर, पण एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचें अंतर १ मिलिमीटर निघालें. बाजारांतल्या नेहमींच्या ८ मिलिमीटर बोल्टांत हेंच अंतर सव्वा मिलिमीटर असतें. जोर लावला असता, तर एंजिनाच्या ओतीव अंगांतले सत्तर वर्षांचे आटे एका क्षणांत फाटले असते.

या विचित्रपणाचें मूळ इतिहासांत आहे. पहिल्या महायुद्धांत हॉचकिस नांवाच्या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें कारखाना काढला. युद्धानंतर तेथें मोटारींचीं एंजिनें होऊं लागलीं आणि १९२३ सालीं मॉरिस यांनीं तो कारखाना घेतला. यंत्रें फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. गिऱ्हाइकांजवळचे पाने इंग्रजी, म्हणून बोल्टांचीं डोकीं इंग्रजी मापाचीं. हा संकर पंचवीस वर्षांनंतरच्या टीसीच्या एंजिनांतहि तसाच राहिला. व्याकरणांतील अनियमित रूप पाहून अडाणी मनुष्य तें अशुद्ध समजतो व सुधारूं जातो. जाणत्याला त्यांत जुन्या भाषेची खूण दिसते. यंत्राचेंहि तसेंच आहे.

याहून कठीण प्रश्न लाकडाचा होता. या मोटारीचें अंग वरून पत्र्याचें दिसलें, तरी त्या पत्र्याखालीं ॲश नांवाच्या इंग्लंडांतील वृक्षाच्या लाकडाची चौकट असते. हें लाकूड चिवट व लवचिक. धक्के सोसतें, म्हणून हत्यारांचे दांडेहि त्याचे करतात. पण ओल आणि कीड त्याला सोसत नाहीं. पडवींतल्या तीस पावसाळ्यांनीं बरीच चौकट खाल्ली होती. संपूर्ण नवी चौकट बसविणें सोपें व सुबक झालें असतें. माझ्या विद्यार्थ्यानें तसें केलें नाहीं. जेवढें लाकूड धड होतें तेवढें ठेवलें. जें किडलें होतें, पण ज्याचा आकार कळत होता, त्याच्यावरून सुताराकडून नवे तुकडे घडवून जोडले. मात्र डाव्या दाराजवळच्या खांबाचा निव्वळ भुगा झाला होता. तो उजव्या खांबावरून उलट मापानें, अंदाजानें करावा लागला. "सर, हें खरें कीं खोटें?" असें त्यानें मला विचारलें.

लाकडांतलें मला कांहीं कळत नाहीं. पण या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक होतें, कारण तें पुण्यांतच एका थोर कार्यांत दिलें गेलें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं पुरी केली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून तिचें प्रधान संपादकत्व केलें. हस्तलिखितांच्या पुराव्यानें जेथें पाठ निश्चित झाला, तेथें तो सरळ छापला. जेथें निश्चिति नव्हती, तेथें शब्दांखालीं नागमोडी रेघ ओढली. मागाहून शिरलेला मजकूर फेंकून न देतां तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवला. आपलें अज्ञान सुंदर शब्दांनीं झांकलें नाहीं. त्याखालीं रेघ ओढून तें वाचकाच्या स्वाधीन केलें. विद्वत्तेचें याहून मोठें लक्षण मला माहीत नाहीं.

हें ऐकल्यावर त्यानें एक जाड वही केली. मूळचा भाग असेल तर नुसतें नांव. मूळ नमुन्याबरहुकूम नवा केला असेल तर नांवाखालीं सरळ रेघ. अंदाजानें केला असेल तर नागमोडी रेघ. प्रत्येक नोंदीपुढें तारीख आणि खर्च. डाव्या खांबाखालीं नागमोडी रेघ आहे. उद्यां कोणाला खरें माप सांपडलें, तर काय बदलावयाचें हें त्याला वही सांगेल.

खरा वाद मात्र रंगावरून झाला. चौघाहि भावांच्या आठवणींत आजोबांची मोटार लाल होती. पण समोरच्या फळीच्या मागील बाजूस, जेथें कधीं ऊन लागलें नव्हतें, तेथें घांसतांना लाल थराखालीं हिरवा रंग निघाला आणि त्याखालीं दुसरा रंगच नव्हता. कारखान्यांतून ती हिरवी आली होती, हें उघड झालें. मोठ्या भावाला तें सहन होईना. त्याच्या बालपणाची लाल मोटार कोणी खोटी ठरवीत आहे, असें त्याला वाटलें. शेवटीं शहाऐंशी वर्षांच्या आत्याबाईंनीं उलगडा केला. त्यांच्या लग्नाच्या वर्षीं, १९६१ मध्यें, आजोबांनींच ती हौसेनें लाल करून घेतली होती!

संपादकाच्या नियमानें पाहिलें, तर हिरवा हा मूळ पाठ आणि लाल हा प्रक्षेप. परंतु येथें एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. पोथींत भर घालणारा लेखनिक ग्रंथकार नव्हता. मोटार लाल करणारे आजोबा मात्र तिचे धनी होते. ती घरांत आली हिरवी, पण घराची झाली लाल होऊन. कुटुंबानें मोटार लाल रंगविली. फळीमागील तळहाताएवढा हिरवा तुकडा तसाच उघडा ठेवला, आणि वहींत दोन्ही रंगांची हकीकत लिहिली. कोणाची आठवण खोटी पडली नाहीं आणि पुरावाहि पुसला गेला नाहीं. मला हा निर्णय पटला. हिरवी केली असती तरी पटला असता. न पटण्याजोगें एकच होतें, तो हिरवा तुकडा रंगवून टाकणें.

या मूळपणाला आतां कायद्याचेंहि पाठबळ आहे. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी, आणि जिच्या सांगाड्यांत, अंगांत किंवा एंजिनांत मोठा फेरफार केलेला नाहीं, अशी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. अशी मोटार प्रदर्शनाला किंवा जुन्या मोटारींच्या मेळाव्याला नेतां येते. रोजच्या कामाला अथवा धंद्याला वापरतां येत नाहीं.

आतां ज्या घरांत असला उद्योग सुरू व्हावयाचा असेल, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, खर्चाची मर्यादा आरंभींच ठरवावी आणि यासाठीं कर्ज काढूं नये. दुसरी, मालकीचा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीं लेखी मिटवावा; गंजलेल्या मोटारीवर कोणाचा डोळा नसतो, चकाकणाऱ्या मोटारीवर सर्वांचा असतो. तिसरी, हौशी म्हणजे सर्व कांहीं स्वतः करणारा नव्हे. सिलिंडर कातून घेणें व ब्रेक तपासून घेणें हीं कामें जाणत्या कारागिराकडूनच करवावीं, आणि एंजिन चालूं करण्याची कितीहि घाई झाली तरी आधीं ब्रेक पुरे करावे. चौथी गोष्ट जिवाची. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतो. ती धूळ हवेनें फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी, आणि मुलांना तेथें येऊं देऊं नये. जुन्या पेट्रोलच्या टांकीला घरीं डाग देऊं नये. रिकाम्या टांकींतील वाफहि स्फोटाला पुरते. मोटार नुसत्या जॅकवर उचलून खालीं शिरूं नये. भक्कम घोडे लावावे. आजच्या पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरी नळ्या खातें आणि पाणी ओढून टांकी गंजवतें. म्हणून नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्या. येथें मूळपणाचा हट्ट नको. फक्त वहींत सरळ रेघेनें नोंद असावी.

इतकें करूनहि पैशाचा हिशेब जुळेलच असें नाहीं. बहुधा जुळत नाहीं. पण त्या सहा वर्षांत मोटार विकूं पाहणारे दोघे भाऊ दर रविवारीं पडवींत येऊं लागले, आणि पुतणी जें शिकली तें तिला महाविद्यालयांत कोणी शिकविलें नव्हतें. व्यसन घरांतल्या माणसांना एकमेकांपासून लपवावयास लावतें. ज्या उद्योगाची वही कोणीहि केव्हांहि उघडून वाचावी, त्याला व्यसन म्हणतां येणार नाहीं. ज्याला अशी वही लिहिण्याचा कंटाळा असेल, त्यानें मात्र पाना हातीं घेऊं नये. आहे तशी मोटार दुसऱ्या कोणा सावध मनुष्याच्या स्वाधीन करावी. तीहि एक सेवाच आहे.