वशिल्याची गुणवत्ता

'गुणवत्ता' हा शब्द मोठा सोज्वळ! तो कुणी उच्चारला की समोरच्याने निमूटपणे मान डोलवावी, असा जगभर रिवाज आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत सध्या त्याचाच जयघोष चालला आहे.

कृष्णवर्णीय व इतर मागे राहिलेल्या समाजांतील मुलांना सामावून घ्यावे, म्हणून तेथे 'विविधता, समन्याय व समावेश' अशा भारदस्त नावाची खाती निघाली होती. १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासने सरकारी विद्यापीठांतली ही खाती कायद्यानेच मोडीत काढली. मार्च २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठानेही आपल्या खात्याला टाळे ठोकले. त्याआधी, २९ जून २०२३ रोजी, सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत रद्द केलीच होती.

विरोधकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. 'मी विविधतेचा कसा कैवारी आहे' असा निबंध प्राध्यापकाकडून नोकरीच्या अर्जासोबत लिहून घेणे, म्हणजे सद्गुणाचा दाखला मागण्यापैकीच! एम. आय. टी.ने २०२४ साली ही प्रथा सोडली, ते बरेच झाले.

परंतु मौज अशी, की हार्वर्डच्या खटल्यात दुसरेच एक गाठोडे सुटले. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे मांडले, तेव्हा प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची वा नोकरवर्गाची मुले, किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले निघाले. खेळाडू सोडा, उरलेल्यांना आपण साध्या मराठीत वशिल्याचे म्हणतो. कोर्टाच्या निकालाने त्या दाराला मात्र हात लावला नाही!

एम. आय. टी.त वारशाचा वशिला चालत नाही. तरीही निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ५ वर घसरले. कारण शर्यत विद्यापीठाच्या दारात सुरू होत नसते. ती घरात आणि शाळेत कितीतरी आधी सुरू झालेली असते.

आपल्याकडच्या दोन राजांना हे केव्हाच कळले होते. शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूरच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. पण नुसत्या जागा राखून ते थांबले नाहीत, निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहेही उभी केली. आणि १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले, ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी बाबासाहेबांची, खर्च बडोदे दरबाराचा. तो खर्च कुणी उचललाच नसता, तर ती बुद्धी कोलंबियाला कोणत्या परीक्षेत दिसली असती?

तेव्हा खात्यांच्या पाट्या उतरल्या, याचे मला फारसे सुतक नाही. पण गुणवत्तेचा झेंडा घेऊन निघालेल्यांनी आधी वशिल्याचे दार लावून घ्यावे, आणि गरिबाच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंतची वाट बांधावी. मग त्यांच्या जयघोषात आम्हीही खुशाल सूर मिळवू. तोवर मान डोलवायला आमची तयारी नाही.