वजावट मालकाची, दुरुस्ती भाडेकरूची

मुंबईच्या घरमालकांचे एक जुने गाऱ्हाणे होते: भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलेले, मग दुरुस्तीला पैसा आणायचा कोठून? त्यात तथ्य मुळीच नव्हते, असे नाही. १९६९ साली शासनाने उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे दायित्व पत्करले, त्यामागे हेच वास्तव होते.

परंतु आज अकरा-अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारांवर जी घरे दिली जातात, त्यांचे भाडे कोणी गोठविले आहे? ते बाजार ठरवितो. तरीही गिझर जळाला वा पंखा बंद पडला की खर्च राहणाऱ्याच्या माथी मारला जातो. आणि घर सोडताना वर्षानुवर्षांची झीज 'नुकसानी' या नावाखाली अनामत रकमेतून कापली जाते.

घसारा हा भाड्याचाच घटक आहे, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व. आठ हजारांचा गिझर दहा वर्षे टिकणार असेल, तर त्याचे वार्षिक आठशे रुपये भाड्यातून मालकाच्या हाती पडतच असतात. ते बाजूला न ठेवता खर्चून टाकायचे आणि गिझर मोडताच भाडेकरूपुढे हात पसरायचा, म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोनदा वसूल करणे होय.

शासन याकडे कसे पाहते? प्राप्तिकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून, महापालिकेचे कर वजा जाता, ३० टक्के रक्कम दुरुस्ती आदी खर्चापोटी सरसकट वगळतो. उत्पन्न २,४०,००० रुपये असेल, तर ७२,००० रुपयांवर कर नाही. मालकाने भिंतीला चुन्याचा हातही लावला नसला, तरी पावती कोणी मागत नाही!

उलट १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम १४ पाहा. मालकाने दुरुस्ती टाळल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करून घ्यावा, अशी तरतूद त्यात आहे. मात्र करारात विरुद्ध अट घातली की मालकाची जबाबदारी संपते. आणि 'लायसन्स'वर राहणारा तर कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नव्हे.

एकुलत्या सदनिकेच्या भाड्यावर जगणाऱ्या निवृत्त माणसाचे काय, असे विचारले जाईल. दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकण्याची शिस्त त्याच्याच सर्वाधिक हिताची आहे. अकस्मात आलेल्या खर्चाने तोच आधी कोलमडतो. निष्काळजीपणाने केलेली मोडतोड राहणाऱ्याने अवश्य भरून द्यावी. वापराने होणारी झीज नव्हे.

म्हणून मागण्या तीन. वजावट प्रत्यक्ष खर्चापुरती वा स्वतंत्र दुरुस्ती निधीत भरलेल्या रकमेपुरतीच मिळावी. कलम १४ चे संरक्षण 'लायसन्स'धारकालाही लाभावे, आणि ते कराराने काढून घेता येऊ नये. नोंदणीकृत करारात प्रत्येक उपकरणाचे वय नमूद असावे.

दुरुस्तीच्या नावाने दिलेली सवलत दुरुस्तीलाच लागली का, एवढे विचारण्याचे धैर्य शासनाने दाखवावे. ते दाखविता येत नसेल, तर ही सवलत दुरुस्तीसाठी नसून मालकीला दिलेले बक्षीस आहे, हे तरी उघडपणे मान्य करावे.