संगणकातले पोटभाडेकरू

दिवाळी आठ दिवसांवर आली की घराघरांतले माळे उपसले जातात. कान तुटलेल्या बरण्या, काड्या मोडलेली छत्री, गेल्या पिढीतला स्टोव्ह असे सगळे उजेडात येते, आणि ‘हे इतके दिवस ठेवले तरी कशाला?’ हा प्रश्न एकदा गृहिणी यजमानांना विचारतात व एकदा यजमान गृहिणींना. एका वस्तूच्या पोटात मात्र कोणाचाच केरसुणी धरलेला हात पोहोचत नाही. ती वस्तू म्हणजे बैठकीच्या कोपऱ्यातला संगणक. त्याच्यावरचे कापड धुतले जाते, काच पुसली जाते, खंडेनवमीला त्याला हळदकुंकूही लागलेले असते. आणि भाऊबीज झाली की पुन्हा तीच तक्रार सुरू होते: ‘फार हळू चालतो हो हल्ली!’

घरातल्या एखाद्या थकलेल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तशा सुरात आपण हे बोलतो. वय झाले, चालायचेच! परंतु वाचकहो, यंत्राचे वय माणसासारखे होत नाही. संगणकाच्या गणिती भागाचा ठोका विकत घेतला त्या दिवशी जेवढा जलद होता, तेवढाच पाच वर्षांनीही असतो. पंख्यात धूळ साचून तो तापला, तर आपण होऊन जरा सावकाश चालतो खरा. तथापि बहुतेक घरांत दुखणे ते नसते. दुखणे असते गर्दीचे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मालकाच्या नकळत वीस पोटभाडेकरू राहावयास आले, तर मालकाला स्वतःच्याच मोरीपुढे रांग लावावी लागेल. तुमच्या संगणकात नेमके हेच चालले आहे.

संगणक सुरू होताच, तुम्ही कळीला बोटही लावण्यापूर्वी, काही कार्यक्रम आपले आपण उठून कामाला लागतात. पडद्यावर ते दिसत नाहीत. त्यांतले काही अत्यंत जरुरीचे असतात. मोठ्या यंत्रांवर अशा पडद्याआडच्या नोकरांना ‘डीमन’ म्हणण्याची चाल आहे. हे नाव १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅकमधील मंडळींनी दिले, आणि ते सुचले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेतील एका भुतावरून. हे भूत अदृश्यपणे दाराशी बसून हवेचे जलद रेणू एकीकडे व मंद रेणू दुसरीकडे निवडीत असते. आपल्याकडच्या आज्यांना हे भूत ओळखीचे वाटेल. ‘काम दे, नाहीतर खातो’ म्हणणाऱ्या भुताला खांबावर चढ-उतर करावयास लावणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. हल्लीच्या भुतांचे एवढेच की ती काम मागत नाहीत, स्वतःच शोधून काढतात.

हे कोठे नडते, ते स्वयंपाकघरावरून चटकन ध्यानात येईल. संगणकात दोन जागा असतात. एक ओटा आणि दुसरा माळा. ओटा म्हणजे रॅम, जिच्यावर चालू काम मांडले जाते. माळा म्हणजे डिस्क, जेथे सगळे सामान कायमचे ठेवलेले असते. ओटा लहान, पण हाताशी. माळा ऐसपैस, पण शिडी लावून चढावे लागते. आता ओट्यावर आगंतुकांनी आपापली भांडी आधीच मांडून ठेवली असतील, तर तुम्ही पोळ्या लाटावयास आलात की संगणकाला काहीतरी उचलून माळ्यावर टाकावे लागते. दुसऱ्या क्षणी तेच भांडे हवे असते. की पुन्हा शिडी! ४ जीबी रॅमच्या यंत्रावर दिवसभर ही शिडीची कसरत चालते. त्यातून डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल, तर मग पाहावयासच नको. मिनिटाला ५४०० फेरे हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. परंतु त्या तबकडीवरची एखादी जागा गाठावयास एका सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो, आणि संगणकाच्या हिशेबी तेवढ्या वेळात काशीयात्रा होते.

आता ही मंडळी आत शिरतात कशी? काही आपणच घरात घेतो. फुकटचा एखादा कार्यक्रम उतरवून घेताना ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’ अशी बटणे दाबीत जातो, आणि मधल्या एका पाटीवर आधीच खूण केलेल्या चौकटीत आणखी दोन पाहुण्यांना आमंत्रण लिहिलेले असते. काही मात्र यंत्राबरोबर दुकानातूनच येतात. ज्यांचे सॉफ्टवेअर नव्या यंत्रात भरावयाचे, त्यांच्याकडून कारखानदारांना पैसे मिळतात. आपण यंत्राचे पैसे मोजतो आणि वर दुसऱ्याची जाहिरातही पोसतो. मार्च २००८ मध्ये सोनी कंपनीने अमेरिकेत आपले काही लॅपटॉप या भरताडाशिवाय देऊ केले. पण त्यासाठी सुमारे ५० डॉलर जादा मागितले! वाण्याने तांदळातले खडे काढून देण्याचे वेगळे पैसे लावावेत, तसला हा प्रकार. बोभाटा झाला तेव्हा कंपनीने तो आकार रद्द केला.

हा झाला गमतीचा भाग. लेनोवोचे प्रकरण मात्र गमतीचे नव्हते. २०१४ च्या सप्टेंबरपासून विकल्या गेलेल्या त्यांच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचा कार्यक्रम आधीच बसविलेला होता. तुम्ही पाहाल त्या पानात आपल्या जाहिराती घुसविणे हे त्याचे काम. ते साधावे म्हणून त्याने सुरक्षित व्यवहारांच्या कुलपालाही स्वतःची किल्ली लावून ठेवली होती, आणि ती किल्ली सर्व यंत्रांत एकच! म्हणजे ती ज्याच्या हाती लागेल, त्याला बँकेशी चाललेले तुमचे बोलणेही मधल्यामध्ये ऐकण्याची सोय. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले. तेव्हा पोटभाडेकरू नुसती जागा अडवितो असे नाही. कधी तो तिजोरीच्या खोलीतच पथारी टाकतो.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरी गेल्या महिन्यात याच प्रश्नाने नवराबायकोत चांगलीच जुंपली होती. मुलगी सीएच्या परीक्षेला बसलेली. २०१८ साली घेतलेला संगणक सुरू व्हावयास सात मिनिटे, आणि हिशेबाचे पान उघडावयास आणखी तीन. दुकानदाराने वर्षभर पाहिल्यासारखे सांगून टाकले, ‘‘काकू, यात आता जीव नाही. पंचेचाळीस हजारांत नवा देतो.’’ पंचेचाळीस हजार म्हणजे मुलीच्याच पुढच्या शिक्षणासाठी चालविलेली आवर्त ठेव मोडावी लागणार. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्ही एवढे यंत्रांवर लिहिता, एकदा बघा तरी!’’

बघावयाचे कसे, ते वाचकांनीही टिपून ठेवावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये तो आखूड स्वरूपात आला, तर ‘मोअर डिटेल्स’ म्हणावे. १९९६ सालच्या विंडोज एनटी ४ पासून हा मुकादम घरात आहे, पण निम्म्या कुटुंबांना त्याची ओळख नसते. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचे पान आहे. संगणकाबरोबर कोण कोण उठते, त्याचे हे हजेरीपत्रक. प्रत्येक नावापुढे ते किती भार टाकते तेही लिहिलेले असते: हाय, मीडियम किंवा लो. सुरुवातीलाच गणिती भागाचा एका सेकंदाहून अधिक वेळ खाणारा, अथवा डिस्कवर तीन एमबीहून अधिक उलाढाल करणारा ‘हाय’ ठरतो.

वहिनींच्या हजेरीपत्रकावर एकवीस नावे निघाली. त्यांत २०२० च्या टाळेबंदीत शाळेसाठी घेतलेले, गाठीभेटींचे दोन कार्यक्रम होते. धाकट्याने केव्हातरी उतरविलेल्या एका खेळाचा कारभारी होता. मुदत संपलेला एक व्हायरसरोधक होता. तो रक्षण करीत नव्हता, नुसता वर्गणी मागत होता. गेलेल्या फोनचा गाणी भरण्याचा कार्यक्रम होता. एक महाशय छपाई-यंत्रातली शाई किती उरली, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते.

‘‘याला बंद केले आणि छापणेच थांबले तर?’’ वहिनींनी शंका काढली.

‘‘वहिनी, ते छपाई-यंत्र तुम्ही गेल्या वर्षी बोळवलेत ना?’’

‘‘अगबाई, खरेच की! मग हा मेला कोणाची शाई मोजतोय?’’

नावावर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ म्हटले की ते नाव दुसऱ्या दिवसापासून आपले आपण उठत नाही. ही बडतर्फी नव्हे, निलंबन आहे. हवे तेव्हा परत कामावर घेता येते. म्हणून आधी निलंबन करावे, चारआठ दिवस वाट पाहावी, काही अडले नाही तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन ‘अनइन्स्टॉल’ करावे. आणि जे निलंबित केले त्यांची नावे वहीत तारखेनिशी लिहावीत. दुधाचा हिशेब लिहिणाऱ्या घरांना हे जड नाही.

मात्र दिसेल त्याला बाहेर काढण्याचा उत्साह नको. विंडोजचा स्वतःचा सुरक्षारक्षक, आवाजाचे व स्पर्शपट्टीचे कार्यक्रम यांना हात लावू नये. फोटोंची प्रत दूर कोठे ठेवणारा कार्यक्रम बंद केलात, तर प्रती ठेवणे थांबेल, हे ध्यानात असावे. वहिनींच्या यादीत डिजिटल सहीच्या टोकनचाही एक कार्यक्रम होता. करविवरणे भरणाऱ्या घरात तो लागतोच. अपरिचित नाव दिसले तर आधी त्याचा प्रकाशक कोण ते पाहावे. मराठी टंकलेखनाचे तीन कार्यक्रम एकाच घरात मला पुष्कळदा आढळतात. छापखान्याच्या जुन्या टंकांशी काम पडत असेल, तर त्यांतला एक ठेवावा. पत्रव्यवहारापुरते मराठी हवे असेल, तर इन्स्क्रिप्टचा कळफलक विंडोजमध्येच असतो. आणि हो, ब्राउझरच्या सेटिंग्जमध्येही डोकवावे. क्रोमची खिडकी मिटली तरी त्याने मागे काम करीत राहावे, अशी एक मुभा तेथे असते. ती काढून घेता येते.

एकविसांपैकी चौदा निलंबित झाले. सातांची अडीच मिनिटे झाली.

हे सगळे आपोआप करून देतो, असे सांगणारे साफसफाईवाले पुष्कळ आहेत. माझे मत विचाराल, तर त्यांना उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करावा. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत गिऱ्हाइकाच्या यंत्राची फुकट तपासणी होत असे. आरंभी चार प्रश्न विचारीत: यंत्र हळू चालते का, मधेच बंद पडते का, वगैरे. यांपैकी एकालाही ‘होय’ म्हटले, की तपासणी काहीही निघो, यंत्रात रोगाची लक्षणे असल्याचा निकाल ठरलेला. आणि मग दुरुस्तीचे बिल. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला ते सॉफ्टवेअर पुरविणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे कबूल करावे लागले. ‘सीक्लीनर’ या नावाजलेल्या झाडूवाल्याची गोष्ट निराळी. त्याची लबाडी नव्हती. पण २०१७ साली चोरांनी त्याच्या ५.३३ या आवृत्तीतच आपले विष मिसळले, आणि सुमारे २२ लाख यंत्रांवर ते त्याच्या नावाने पोहोचले. आपल्याकडे तर पडद्यावर लाल पाटी झळकते, तीत दूरध्वनीचा क्रमांक असतो, आणि पलीकडचा गोडबोल्या ‘जरा यंत्र माझ्या ताब्यात द्या’ म्हणतो. मायक्रोसॉफ्ट आपल्या सूचनांच्या पाटीवर दूरध्वनीचा क्रमांक छापीत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या निवृत्त मंडळींना पाठ करवून घ्यावे. कित्येकांच्या आयुष्यभराच्या पुंजीचा प्रश्न आहे.

अडीच मिनिटांवर आमचे घोडे अडले, याचे कारण ती फिरती तबकडी. ती काढून तिच्या जागी न फिरणारी, एसएसडी म्हणतात ती डिस्क बसविली, आणि ४ जीबीची रॅम ८ केली. दोन्ही मिळून खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नाही. आता यंत्र अर्ध्या मिनिटात उठते. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा विंडोज ११ पेलेल का, तेही तपासून घेतले. २०१८ च्या यंत्रांत हे काठावरचे असते, पण वहिनींचे उत्तीर्ण झाले. ज्यांचे होणार नाही, त्यांनी तसल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार ठेवू नयेत; नवे घेण्याचे ते खरे कारण. वहिनींची आवर्त ठेव जागच्या जागी आहे.

एक सांगावयाचे राहिलेच. रात्री ‘शट डाउन’ म्हणून आपण यंत्र झोपवितो. पण विंडोज ८ पासून बहुधा ते पुरते झोपत नाही. सकाळी लवकर उठता यावे म्हणून आपल्या आतल्या संसाराचे चित्र डिस्कवर काढून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेच उलगडते, कालचा गोंधळही त्यात आला. पाटी कोरी हवी असेल, तर ‘रीस्टार्ट’ म्हणावे लागते. आठवड्यातून एकदा पुरे. शनिवारी दुपारी चहाचे आधण ठेवताना म्हटले, तर चहा होईपर्यंत यंत्रही तयार असते.