अपंगत्वाचे वेतन आणि देशाची वेस

दर वर्षी नोव्हेंबर महिना आला की निवृत्त सरकारी नोकरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. या दाखल्याच्या व्यवस्थेत एक मोठे तत्त्व दडलेले आहे, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. निवृत्त मुख्याध्यापक किंवा हेडक्लार्क मुलाकडे न्यू जर्सीस राहावयास गेला, तरी त्याचे निवृत्तिवेतन थांबत नाही. तेथील भारतीय वकिलातीतून आपण हयात असल्याचे प्रमाणित करून घेतले की काम भागते. प्रकृती साफ ढासळल्यामुळे ज्याला मुदतीपूर्वीच नोकरी सोडावी लागली, त्याच्या रुग्णता निवृत्तिवेतनालाही हाच न्याय लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नकारा खटल्यात निर्वाळा दिला, की निवृत्तिवेतन ही सरकारने मर्जीने दिलेली बक्षिसी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. जो मोबदला आहे तो माणसामागोमाग जाणारच. धनको कोठे राहतो यावर ऋणकोचे दायित्व ठरत नसते.

हे तत्त्व सरकारी नोकराच्या बाबतीत आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, की त्याबाहेर पाऊल टाकताच ते किती दुर्मिळ आहे याची कल्पना येत नाही. एका देशात कष्ट केले, तेथेच अपंगत्व आले आणि पुढे दुसऱ्या देशात जाऊन राहावे लागले, अशा माणसाला पहिल्या देशाने काय द्यावे? लाखो भारतीय परदेशी नोकरी करीत असताना हा प्रश्न दूरचा म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही.

चर्चेचा पुष्कळसा गोंधळ एका भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतो. अपंगांना मिळणारा पैसा दोन अगदी निराळ्या विहिरींतून येतो. एक विहीर वर्गणीची. कामगाराच्या वेतनातून दरमहा काही भाग कापला जातो, मालक त्यात भर घालतो आणि अपंगत्व आले तर त्या निधीतून वेतन सुरू होते. हा सरळ विमा आहे. दुसरी विहीर सर्वसाधारण करांची. तेथे वर्गणीचा प्रश्न नसतो. माणूस गरजू आहे आणि आपल्यात राहतो, एवढ्यावरच समाज त्याला हात देतो. ही मदत राहत्या जागेशी बांधलेली असावी, यात मला मुळात अन्याय दिसत नाही. ज्या समाजाच्या करातून ती निघते त्याच्या जीवनाशी घेणाऱ्याचा काही संबंध असावा, ही अपेक्षा गैर नव्हे. विम्याचे तसे नाही. आयुर्विमा उतरवलेला माणूस मुंबईत वारला आणि त्याची विधवा कुडाळला माहेरी जाऊन राहिली, म्हणून महामंडळ विम्याची रक्कम कमी करीत नाही. तसे कोणी सुचवले तर आपण त्याला हसू.

अमेरिकेत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व विमा १९५६ च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी कामगाराच्या वेतनातून वर्गणी जाते. वृद्धापकाळ आणि अपंगत्व या दोन्हींसाठी मिळून वेतनाच्या ६.२ टक्के कामगार देतो आणि तेवढेच मालक देतो. दुसरी योजना गरजू वृद्ध, अंध व अपंग यांच्यासाठी १९७४ पासून सर्वसाधारण महसुलातून चालते. या दुसऱ्या योजनेचा लाभधारक सलग तीस दिवस देशाबाहेर राहिला की रक्कम बंद होते. नियम कडक आहे, पण त्यामागील तर्क समजू शकतो.

पहिल्या योजनेची गोष्ट मात्र आपल्या जिव्हाळ्याची आहे. पुणे वा नागपूरहून तात्पुरत्या व्हिसावर गेलेला एखादा चौतीस वर्षांचा अभियंता कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. सहा वर्षे तो तेथे काम करतो आणि प्रत्येक पगारातून वर्गणी भरतो. वर्षाला जास्तीत जास्त चार याप्रमाणे त्याच्या खात्यात चोवीस श्रेयांक जमा होतात. त्याच्या वयाला अपंगत्व विम्यासाठी साधारणतः वीस पुरतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो पुरता विमाधारक आहे. आता त्याच्या मणक्याला जबर दुखापत झाली आणि काम करणे अशक्य झाले असे समजू. येथून कायद्याची दोन कलमे एकमेकांकडे पाठ फिरवतात. परदेशी नागरिकांचा कायदा सांगतो, की व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे. नोकरी गेली की सामान्यतः साठ दिवसांत दुसरी सोय लावा, नाही तर परत जा. विम्याचा कायदा सांगतो, की अपंगत्व आल्यावर पहिले पाच पूर्ण महिने काही मिळणार नाही. तो परततो. परदेशी नागरिक सलग सहा महिने अमेरिकेबाहेर राहिला की सामान्यतः त्याचे वेतन थांबते. भारतीय नागरिकांना यातून सूट आहे, पण ती ज्यांनी चाळीस श्रेयांक मिळवले किंवा जे दहा वर्षे तेथे राहिले त्यांनाच. आपल्या अभियंत्याच्या पदरी चोवीस श्रेयांक आणि सहा वर्षे. हक्क आहे, पण तो भोगण्यासाठी जेथे राहावे लागते तेथे त्याला राहू दिले जात नाही, आणि जेथे तो राहू शकतो तेथे हक्क पोचत नाही.

ज्या विम्याचा हप्ता सक्तीने घेतला जातो आणि ज्याची भरपाई विमाधारकाच्या हाती पडण्याचा मार्गच बंद असतो, त्याला अर्थशास्त्राच्या परिभाषेत विमा म्हणता येणार नाही. तो कर आहे, आणि तोही ज्याला त्या देशात मत नाही अशाकडून घेतलेला.

यावर उपाय जगाला ठाऊक नाही, असे नव्हे. दोन देशांनी करार करावा, एका देशातील सेवेची वर्षे दुसऱ्या देशातील वर्षांत मिळवून पात्रता ठरवावी आणि मंजूर झालेले वेतन सीमेपलीकडे पाठवावे, ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७७ मध्ये अशा करारांना अधिकार दिला आणि पहिला करार इटलीशी झाला. भारतानेही बेल्जियमशी करार केला. तो २००९ पासून अमलात आहे. पुढे फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आदी देशांशी करार झाले. जर्मनीशी झालेला व्यापक करार २०१७ मध्ये लागू झाला. या करारांची व्याप्ती सारखी नाही, पण दिशा एक आहे. अमेरिकेशी मात्र आपला असा करार आजही नाही. अमेरिकी कायद्याची अट अशी, की समोरच्या देशाची व्यवस्था सर्वसाधारण जनतेला लागू असणारी असावी; आणि आपल्याकडील भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेत कष्टकऱ्यांचा थोडाच भाग येतो. म्हणजे येथील शेतमजुराला विमा नाही, या कारणाने तेथील अभियंत्याचा विमा अडतो. ब्रिटनशी २०२५ मध्ये व्यापार करारासोबत जो समझोता ठरला, त्याचा रोख तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये यावर आहे. तो स्वागतार्ह असला तरी वर्गणी वाचणे वेगळे आणि हक्क सोबत नेता येणे वेगळे.

युरोपने या बाबतीत सर्वांत पुढे मजल मारली, आणि त्याची अडखळही तितकीच बोधप्रद आहे. सामाजिक सुरक्षेची रोख रक्कम लाभधारक दुसऱ्या सदस्य देशात राहतो एवढ्याच कारणाने थांबवू नये, असा तेथील नियम आहे. गरजूंसाठीच्या काही विशेष योजनांना त्यातून वगळले होते, आणि वर्गणीशी संबंध नसलेला अपंगांचा भत्ता अशा यादीत ब्रिटनने घालून ठेवला होता. १८ ऑक्टोबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले, की या भत्त्याचा शुश्रूषेसाठी असलेला भाग वस्तुतः आजारपणाचा लाभ आहे. म्हणून तो स्पेनमध्ये वा फ्रान्समध्ये राहणाऱ्या पात्र व्यक्तीला नाकारता येणार नाही. हिंडण्याफिरण्यासाठी जो भाग दिला जातो तो मात्र सीमेच्या आतच राहिला. हालचालीसाठीच्या भत्त्यालाच हालचाल करता येऊ नये, हा विनोद कायदेपंडितांनी जाणूनबुजून केलेला नसावा! पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तिकडे स्थायिक झाले होते त्यांना निर्गमन कराराने संरक्षण मिळाले. त्यानंतर गेलेल्यांची वाट पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही.

पैसे बाहेर जाऊ देण्यास दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की मायदेशी राहणीमान स्वस्त. तेथे पूर्ण रक्कम देणे म्हणजे चैन पुरवणे होय. हा युक्तिवाद विम्याला लागू पडत नाही, कारण विम्याचा हप्ता ठरवताना कोणी विमाधारकाच्या गावचा बाजारभाव विचारला नव्हता. शिवाय स्वस्ताईची गणना करताना अपंगाला काय महाग पडते याचा विचार होत नाही. उतरते रस्ते, चाकाच्या खुर्चीला जागा असणारी बस, सरकारी खर्चाने येणारी परिचारिका हे तेथे अंशतः समाजाने पुरवलेले असते. येथे परतल्यावर ते स्वतःच्या खिशातून विकत घ्यावे लागते. अमेरिकेची वैद्यकीय विमायोजना तर देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च सहसा देतच नाही. अर्धवट न्यायाचा आणखी एक नमुना ब्रिटिश वृद्धवेतनात दिसतो: भारतात येऊन राहणाऱ्याला ते मिळते, पण महागाईप्रमाणे होणारी वार्षिक वाढ मिळत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची रक्कम आजच्या बाजारात काय विकत घेते, हे कारकुनी पगारावर संसार केलेल्या वाचकांना सांगावयास नको.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. परदेशी राहणारा माणूस बरा झाला की नाही हे कसे कळणार? शंका खोटी नाही. पण ती नवीनही नाही. अमेरिकेचे खाते परदेशातील लाभधारकांना ठरावीक काळाने प्रश्नावली पाठवते आणि उत्तर न आल्यास रक्कम थांबवते. पुनर्तपासणीसाठी मान्यताप्राप्त डॉक्टरांचा अहवाल मागवता येतो. ज्या युगात कोट्यवधी रुपयांचे व्यवहार क्षणात सीमा ओलांडतात, त्या युगात एक वैद्यकीय अहवाल ओलांडू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही.

हे सर्व परक्यांना सुनावताना आपल्या अंगणाकडे पाहणेही अवश्य आहे. सरकारी भाषेत अपंगांना आता दिव्यांग म्हटले जाते. शब्द बदलल्याने नियम बदलतातच असे नाही. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्या लाभासाठी राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिलाही पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. बांदा आणि पत्रादेवी यांच्यामध्ये अंतर किती, हे कोकणातल्या वाचकांना माहीत आहे. सावंतवाडी तालुक्यातील एखादी अपंग स्त्री आधारासाठी पेडण्यास भावाकडे कायमची राहावयास गेली, तर नियमाप्रमाणे इकडचे अनुदान सुटते आणि तिकडचे सुरू होण्यास सव्वा तप लागू शकते. ही मदत करांतून येते, विम्यातून नव्हे, हे खरे. आणि राहत्या जागेची अट मी वर मान्य केली आहे. परंतु तीस दिवसांच्या गैरहजेरीवर रक्कम थांबवणारी अमेरिकाही सलग तीस दिवस परत राहिल्यावर ती पुन्हा सुरू करते. एकाच देशाच्या नागरिकाला शेजारच्या तालुक्यात पंधरा वर्षे उमेदवारी करावयास लावणे कोणत्या तर्काने समर्थनीय ठरते? केंद्राची योजना सर्व देशभर आहे खरी, पण ती ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींनाच, आणि तीत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये. २०१२ पासून त्यात वाढ नाही.

येथे कोणताही आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. अपंगत्वाचे ओळखपत्र आज देशभर एकच चालते. शिधापत्रिकाही २०१९ पासून टप्प्याटप्प्याने राज्याबाहेर चालू लागली, आणि २०२२ पर्यंत सर्व राज्ये त्या व्यवस्थेत आली. जे धान्याला जमले ते अनुदानाला जमवावयाचे, तर दोन राज्यांनी इतकेच ठरवावे: लाभधारक स्थलांतरित झाल्यास नवे राज्य देऊ लागेपर्यंत जुन्या राज्याने द्यावे, आणि नव्या राज्याने वास्तव्याची मुदत पंधरा वर्षांवरून एका वर्षावर आणावी. महाराष्ट्र आणि गोवा यांनी ही सुरुवात करावी. वॉशिंग्टनला पाठवावयाच्या पुढच्या खलित्याला मग थोडे वजन येईल.