शिकविणाऱ्याचा हेतू

मुलांनी मारामारीचे चित्रपट पाहावेत काय, असे मोहोळचे पालक आम्हांस वारंवार विचारतात. सरसकट बंदी आम्हांस पसंत नाही. चित्रपट आता खिशातील फोनवरच येतो. मात्र पाहावयाचा तर तो डोळसपणे पाहावा.

२०१७ सालचा 'नाम शबाना' हा हिंदी चित्रपट घ्या. मुंबईची ही महाविद्यालयीन तरुणी कुडो या द्वंद्वक्रीडेत निपुण असते. तिच्या मित्राचा खून होतो. एक गुप्त सरकारी संस्था तिला सूड घेण्यास साहाय्य करिते व मोबदल्यात तिला आपल्या कामास जुंपते. पुढे तालीम, शस्त्रे आणि मलेशियात जाऊन एका गुन्हेगाराचा वध! प्रेक्षक टाळ्या पिटतात. पण तिच्या शोकाचा हा सौदा कितीकांच्या ध्यानात येतो?

२०११ सालच्या 'हॅना' या इंग्रजी चित्रपटात बाप आपल्या मुलीस फिनलंडच्या रानात मारण्याची विद्या शिकवितो. तिला अनेक भाषा येतात, संगीताची व्याख्याही ठाऊक असते. संगीत मात्र तिने कधी ऐकलेलेच नसते!

चपळाई, धैर्य, एकाग्रता हे गुण वाईट नव्हेत. आमच्या मैदानावरही ते हवेतच. परंतु शिक्षकाने मुलाचे दुःख हलके करावे, त्यास धार लावू नये. विद्यार्थी मित्रहो, असा चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा नायिकेच्या नेमबाजीबरोबर एवढेही पाहा : हिला शिकविणाऱ्यास हिचे कल्याण हवे होते, की केवळ हिचा हात?