घुमट नसलेली मशीद

मशीद म्हटली की घुमट आणि मिनार, ही आपल्या डोळ्यांची सवय. कोळीकोडच्या कुट्टीचिरा तलावाकाठची मिश्काल मशीद ती सवय पहिल्याच नजरेत मोडते. उतरती कौलारू छपरं, एकावर एक चढलेले लाकडी मजले, वारा खेळता ठेवणाऱ्या फळ्यांच्या जाळ्या. दुरून केरळी देवळाचा भास व्हावा. यात नवल कसलं? पाऊस तोच, लाकूड तेच.

चौदाव्या शतकात मिश्काल नावाच्या व्यापाऱ्याने ती बांधली. तो नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी. आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ याच फारसी शब्दाच्या गोतातला. इब्न बतूतानेही कालिकतच्या या गडगंज जहाजमालकाची नोंद केली आहे.

१५१०च्या जानेवारीत अल्बुकर्कच्या पोर्तुगीजांनी शहरावर हल्ला करून मशीद जाळली. वरच्या मजल्यावर त्या आगीच्या खुणा आजही दाखवतात. पुढे १५७१ मध्ये सामुतिरीने (आपण ज्याला झामोरीन म्हणतो) चालियमचा पोर्तुगीज किल्ला जिंकून पाडला आणि त्याचं लाकूड मशिदीच्या दुरुस्तीला दिलं. शत्रूच्या किल्ल्याच्या तुळया, हिंदू राजाचं दान आणि मुसलमानांचं प्रार्थनास्थळ! असा व्यवहार कादंबरीत लिहिला असता, तर समीक्षकांनी मला भाबडा ठरवलं असतं.

बँकेत असताना तारण इमारतींच्या मूल्यांकनाचे अहवाल मी शेकड्यांनी वाचले. लाकडी बांधकामाला त्यांत किंमत जवळपास नसेच. घसारा वजा जाता उरे ती जागा. हाच हिशेब आता विश्वस्तांच्या डोक्यात शिरलेला दिसतो. केरळात कितीतरी जुन्या लाकडी मशिदी पाडून काँक्रीटचे घुमट उभे राहिले. आपण तरी कुठे वेगळे आहोत? कोकणातल्या देवळांचे कोरीव खांबांचे सभामंडप उतरवून तिथे स्लॅब आणि चकचकीत लाद्या आल्याच की.

लाकूड टिकत नाही, हे कारण मला पटत नाही. कुजलेली तुळई काढून नवी बसवता येते; म्हणून तर मिश्काल जळूनही पुन्हा उभी राहिली. खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळई गंजून फुगली आणि काँक्रीट तडकलं, की मात्र सारंच हातघाईवर येतं.

जीर्णोद्धाराच्या सभेत ठेकेदाराचं अंदाजपत्रक टेबलावर असतं. सुताराला कोणी बोलावत नाही. त्याचंही अंदाजपत्रक मागवा, दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मगच हात वर करायला सांगा.